वळिवड्याची पोलिश छावणी आणि मायभूमीचा प्रश्न

रत्नागिरीस निर्वासनाचा इतिहास अपरिचित नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा हा १८८६ पासून १९१६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत येथे स्थानबद्ध होता. परंतु एका राजाची स्थानबद्धता आणि सामान्य जनांच्या समूहाचे निर्वासन यांत मोठे अंतर आहे. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण सह्याद्रीपलीकडे, कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आढळते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबे सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत हद्दपार झाली. जर्मनी सोव्हिएत संघावर उलटल्यानंतर जुलै १९४१ मध्ये पोलिश व सोव्हिएत सरकारांत करार झाला आणि या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. १९४२ मध्ये जनरल आन्डर्स यांच्या सैन्याबरोबर अनेक कुटुंबे इराणात पोहोचली. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. म्हणूनच पुढे हिंदुस्थानात आलेल्यांत स्त्रिया व मुले यांचा मोठा भरणा होता.

वळिवड्यास या लोकांनी पोलिश शाळा, प्रार्थनामंदिर, नाट्यप्रयोग व बालवीर पथके उभी केली. ही तत्परता समजण्यास पोलंडचा पूर्वेतिहास ध्यानी घ्यावा लागतो. १७७२, १७९३ व १७९५ या तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी ते राज्य वाटून घेतले. १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंड हे स्वतंत्र राज्य नव्हते. तरी भाषा, धर्म व वाङ्मय यांच्या आधारे पोलिश राष्ट्रभावना टिकून राहिली. राज्य नसताना राष्ट्र कसे जपावे, याची ही परंपरा छावणीतील मातांना व शिक्षिकांना वारशाने लाभली होती.

तथापि १९४५ मध्ये खरा पेच उभा राहिला. याल्टा परिषदेत पूर्व पोलंडचा बहुतांश प्रदेश सोव्हिएत संघाकडे राहणार असे ठरले. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावांतून ही कुटुंबे उचलली गेली होती, ती गावे जागच्या जागी होती. पोलंडची सीमाच पश्चिमेकडे सरकली होती. सबब ‘मायदेशी परत जावे’ या सूचनेस त्यांच्या लेखी निश्चित अर्थ उरला नाही. काही जण नव्या सीमांतील पोलंडात गेले. अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांचा आश्रय घेतला. येथे निवर्तलेल्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

पोलिश कुटुंबे गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे वसविण्यात आली. तेथेच आजचे गांधीनगर वाढले. त्यांचीही गावे जागीच राहिली होती आणि सीमा बदलली होती. पोलिश लोकांचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकाने आरंभ येथूनच करावा, हे इष्ट होय.