चुंबकी यंत्रखलनायक : शक्ती आणि मर्यादा

अतिमानवी नायकांच्या मालिकांतील खलनायकांचे, शक्तीच्या उगमावरून, दोन वर्ग पडतात. पहिल्याची शक्ती अंधार, तप, मंत्र यांतून येते. 1997 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मधला तमराज किल्विष या वर्गातला. अशा शक्तीला मोजमाप नसते. दुसरा वर्ग यंत्रांचा. यंत्राकडे मात्र हिशेब मागता येतो, आणि चुंबकावर चालणाऱ्या यंत्रमानवाकडे तर शाळकरी पोरही तो मागू शकते. म्हणून त्याची परीक्षा बंगळूरच्या बनशंकरीत घेऊ. तिथे मेट्रोचे उन्नत स्थानक आहे आणि जवळच बसस्थानक, म्हणजे वीज आणि लोखंड दोन्ही हाताशी.

1. ऊर्जा. कायमचे चुंबक वापरले तर वीज लागत नाही, पण चिकटलेले लोखंड मनात येईल तेव्हा सोडताही येत नाही. तासाभरात खलनायक भंगाराचा ढीग होईल. म्हणून विद्युतचुंबक हवा. बंगळूरची मेट्रो तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट एकदिश वीज घेते. ती त्याला सोयीची. पण पुरवठा तोडला की त्याचा हात लुळा पडतो.

2. पदार्थ. मेट्रोच्या डब्यांचे सांगाडे स्टेनलेस स्टीलचे असतात. या कामाला वापरतात ते क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद चुंबकाला जवळपास दाद देत नाही. चाके आणि रूळ मात्र ओढले जातात. ॲल्युमिनियम, तांबे, काच यांच्यापुढे तो हतबल. त्याचे स्वतःचे सांधेही पोलादी असून चालणार नाहीत.

3. अंतर. खरी मेख इथे आहे. लोखंडी गाभ्याच्या विद्युतचुंबकाचे क्षेत्र सुमारे 2 टेस्लापर्यंत जाऊ शकते. तेवढ्या क्षेत्रात, पृष्ठभाग घट्ट टेकले असता, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 16 किलो वजन पेलते. तळहाताएवढ्या 100 चौरस सेंटिमीटरच्या मुखाने दीड टनाची मोटार उचलता येईल. पण चुंबकापासून दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि लोखंडाच्या लहान तुकड्यावरची ओढ सातव्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे अंतर दुप्पट झाले की ओढ 128 पटींनी कमी. पडद्यावर रस्त्यापलीकडची मोटार उडत येते, तिथे शास्त्र साथ सोडते.

4. प्रतिक्रिया. समजा, ओढ पुरेशी आहे. तरी न्यूटनचा तिसरा नियम सुटत नाही. दोनशे किलोच्या यंत्राने दहा टनांची बस ओढली, तर बस जागची हलण्याआधी यंत्रच तिच्यावर जाऊन आदळेल. त्याला आधी जमिनीत पाय रोवावे लागतील.

यावरून निघणारा निष्कर्ष पटकथेच्या उपयोगाचा आहे. हा खलनायक दुरून ओढणारा नसून जवळून पकडणारा आहे. म्हणून त्याने गर्दीतून, ओळखू न येता, जवळ यायला हवे आणि नायकाने हातभर अंतर राखायला हवे. एकदा लोखंडाला टेकला की, वीज चालू असेतो, सुटका नाही; टेकेपर्यंत तो जवळजवळ निरुपद्रवी. लढाईचा सारा ताण त्या हातभर अंतरात साठतो. लेखक मात्र खलनायकाला अमर्याद करतात, आणि मग त्याला हरवण्यासाठी नायकालाही अमर्याद करावे लागते. तिथे बुद्धीला काम उरत नाही. चुंबकाची मर्यादा जशीच्या तशी ठेवली, तर नायकाला जिंकण्यासाठी विचार करावा लागेल, आणि प्रेक्षकाला तो विचार आधीच हेरता येईल.