‘कोबाल्ट ब्लू’: घरात रडायची परवानगी कुणाला?



लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका हमखास विचारतात, ‘काय रे, पीएचडी कशात चाललीय?’ केमिस्ट्रीत एमएस्सी केलेला पोरगा सिनेमाच्या प्रेक्षकांचा अभ्यास करतो म्हटलं की काका मुकाट्यानं जिलेबीकडे वळतात. तर आज त्या कामातला एक तुकडा सोपा करून सांगतो. प्रश्न असा आहे: समलिंगी प्रेमाची शोकांतिका पुस्तकातून पडद्यावर आली की बघणारी माणसं नेमकी कशासाठी हळहळतात?

सुरुवात जरा लांबून करू. अ‍ॅनी प्रू या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही कथा १९९७ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये छापून आली. डोंगरावर मेंढ्या राखायला गेलेले दोन तरुण, एनिस आणि जॅक, प्रेमात पडतात. दोघांची लग्नं होतात, पोरंबाळं होतात, आणि पुढची कित्येक वर्षं ते चोरून भेटत राहतात. मग जॅक मरतो. २००५ साली अँग ली यांनी त्यावर चित्रपट केला आणि त्याला दिग्दर्शनासह तीन ऑस्कर मिळाले. एवढं यश मिळूनही २००९ मधल्या एका मुलाखतीत प्रू म्हणाल्या की ही कथा लिहिलीच नसती तर बरं झालं असतं. कारण काय, तर लोक त्यांना कथेचे नवे शेवट लिहून पाठवत होते. कुणाच्या शेवटात जॅक जगायचा, कुणाच्या शेवटात एनिसला दुसरा जोडीदार मिळायचा. प्रू यांचं म्हणणं असं की गोष्ट त्या दोघांपुरती नव्हतीच, भोवतालच्या द्वेषाची होती, आणि लोकांनी नेमकं तेवढंच सोडून दिलं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. आता घरी येऊ.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी २००६ साली आली. केमिस्ट्रीवाल्याला हे नाव वाचून आधी रंगद्रव्य आठवतं: कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, उन्हातही न विटणारं. पण गोष्ट पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घराची आहे. या घरात एक पेइंग गेस्ट राहायला येतो. त्याला नाव दिलेलं नाही. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. बहीण अनुजाही पडते. एक दिवस तो तिला घेऊन निघून जातो आणि काही महिन्यांनी तिलाही सोडून जातो.

कादंबरीचे सरळ दोन भाग आहेत. पहिला तनयचा, दुसरा अनुजाचा. दोघांचं दुःख एकाच माणसाचं आहे, पण घरात त्याची वाटणी कशी होते बघा. अनुजा परत येते तेव्हा अख्खं घर हादरतं. रागावणं, सांभाळणं, डॉक्टर, लोक काय म्हणतील, सगळं तिच्याभोवती फिरतं. तिच्या वाट्याला बदनामी येते, पण निदान तिचं काहीतरी हरवलंय हे सगळ्यांना मान्य असतं. तनयचंही तेवढंच हरवलंय. मात्र घराच्या हिशेबात तो फक्त ‘अनुजाचा भाऊ’ असतो. त्याच्या दुःखाला त्या घरात नावच नाही. इथे कुणी मरत नाही, तरी मला ही शोकांतिका वाटते ती याचमुळे.

पंचवीस वर्षं मागे गेलो की फरक नीट दिसतो. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलं. सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, जागा कॉलेज. मित्राचं नमावर प्रेम आहे. पण ही गोष्ट आपल्याला सांगतो बापू, मित्राचा मित्र, आणि शेवटी मित्रा आत्महत्या करते. म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकाला आत शिरायला बापूचं दार होतं. मित्राबद्दल वाईट वाटून घ्यायचं, पण बापूच्या शेजारी उभं राहून. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये हा बापू नाही. तनय स्वतः बोलतो, आणि तेही गेलेल्या प्रियकराला उद्देशून. वाचणाऱ्याला मध्ये उभं राहायला जागाच उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग शेवट गोड करा की! प्रयोगशाळेत आम्ही एक घटक बदलून बाकी तसंच ठेवून बघतो. इतिहासात तसं करता येत नाही, पण कधीकधी जवळपासचं उदाहरण सापडतं. दीपा मेहतांच्या ‘फायर’मध्ये एकाच घरातल्या दोन जावा प्रेमात पडतात आणि शेवटी जिवंत राहून घराबाहेर पडतात. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी याच चित्रपटाच्या थिएटरांवर हल्ले केले. चित्रपट पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे पाठवला गेला आणि १९९९ च्या सुरुवातीला पुन्हा प्रमाणित झाला. दगड पडले ते शोकांतिकेवर नाही, जगून दाखवणाऱ्या शेवटावर.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. गडहिंग्लज तालुक्यातले राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवरून राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ केला. तो २००९ साली प्रदर्शित झाला. उपेंद्र लिमये यांचा तायप्पा जोगता आहे, देवीच्या नावानं लुगडं नेसायला लावलेला, आणि त्याचं मुक्ता बर्वे यांच्या सुलीवर प्रेम आहे. लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लुगड्यातल्या पुरुषाच्या प्रेमावर मराठी माणसानं मनापासून जीव लावला. पण लुगडं लादलेलं आहे आणि आतलं प्रेम बाईवरचं आहे, हा दिलासा गोष्टीतच होता. समजा, त्या तायप्पाचं प्रेम एखाद्या पुरुषावर असतं तर? मी हा प्रश्न विचारला की इथली चर्चा एकदम चहावर येते.

आता २०२२. ‘कोबाल्ट ब्लू’ चित्रपट एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आला. पटकथा कुंडलकरांचीच. तनय झाला नीलय मेहेंदळे, अनुजा अंजली शिवरामन आणि पेइंग गेस्ट प्रतीक बब्बर. पुण्याचं घर कोचीला गेलं, काळ १९९६ चा ठरला, भाषा हिंदी झाली. कोल्हापुरात ज्यांच्याशी बोललो (हे सर्वेक्षण नव्हे, गप्पा समजा) त्यातल्या बहुतेकांनी तो एकट्यानं पाहिला होता, मोबाइलवर, कानात हेडफोन घालून. थिएटरात शेजारचा नाक ओढतो ते आपल्याला ऐकू येतं. इथे तसं काही नाही. तनयचं दुःख जसं खोलीत बंद, तसं बघणाऱ्याचंही.

आणि तक्रारी? ‘तो पेइंग गेस्टच नालायक.’ ‘निदान शेवटी त्यानं परत यायला हवं होतं.’ मला इथे प्रू यांना येणारी ती पत्रं आठवतात. परत येऊन काय होणार होतं? समजा तो आला, तनयजवळ राहिला. पण तनय जेवणाच्या टेबलावर ‘मला त्याची आठवण येते’ असं म्हणू शकला असता का? नसेल, तर शेवट बदलून सुटका फक्त आपली झाली, घर आहे तसंच राहिलं. खलनायक एक पळपुटा तरुण ठरला की आईबाप, नातेवाईक, कायदा, सगळे निर्दोष सुटतात.

कायद्याची वाटही सरळ नव्हतीच. जुलै २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कलम ३७७ खाली संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणं रद्द केलं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. जेरी पिंटो यांनी केलेलं ‘कोबाल्ट ब्लू’चं इंग्रजी भाषांतर त्याच वर्षीचं. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला ते संबंध गुन्ह्यातून बाहेर आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र विवाहाचा हक्क द्यायला न्यायालयानं नकार दिला. आज तनय गुन्हेगार नाही. पण जोडीदार गेला तर सांत्वनाला कुणी यावं, असं नातंही त्याच्याकडे कागदावर नाही.

म्हणून माझ्या टिपणवहीत मी आता ‘शेवट आवडला का?’ हा प्रश्न खोडलाय. त्याऐवजी विचारतो, ‘या घरात रडायची परवानगी कुणाला होती?’ उत्तर देताना लोक थोडा वेळ गप्प बसतात, आणि मग सिनेमा सोडून स्वतःच्या घराबद्दल बोलू लागतात. एकानं सांगितलं, ‘आमच्यात एक काका होते, लग्न न केलेले. त्यांचा एक मित्र वारला तेव्हा ते आठवडाभर जेवले नव्हते. आम्ही म्हणालो, पित्त झालं असेल.’

तुमच्या घरात असं पित्त कुणाला झालं होतं, आठवून बघा.