प्रकाश अडवा, प्रकाश जिरवा

गेल्या डिसेंबरात, दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात अशा दिवसांत, माझी मुलगी घरी आली होती. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. सेंद्रिय सौर घटात सोन्याचे सूक्ष्म कण मिसळण्यात तिची दोन वर्षे गेली. आकडा काही हलेना. "बाबा, फुकट गेली का हो?" ओटावाच्या कनाटा भागात प्रकाशतंतूंच्या धंद्यात उमेद घालवलेल्या मला चटकन उत्तर देता येईना. म्हणून या विषयाचा इतिहास चाळला. तो आपल्यापुढे ठेवतो.

त्यात आपल्या कॅनडाचा वाटा आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग तांग यांनी १९७० साली व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतली. पुढे ऑन्टारिओ सरोवरापलीकडे, रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत, त्यांनी दोन सेंद्रिय रंगद्रव्यांचे थर एकावर एक चढवून सौर घट केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या घटाची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. पण पुढच्या सर्वांनी तोच कित्ता गिरवला.

अडचण होती जाडीची. सेंद्रिय पदार्थात प्रकाशाने जागी झालेली ऊर्जा १० नॅनोमीटरच्या आसपास सरकते आणि विझते. सुटे झालेले विद्युतभारही जाड थरात वाटेतच हरवतात. म्हणून थर पातळ हवा. पण पातळ थरातून बराच प्रकाश न शोषला जाताच निघून जातो, उतारावरच्या पावसासारखा. आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतात, तसा इथे प्रकाश अडवायचा होता.

बांध मिळाला तो सोन्याचांदीचा. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे माणकासारखे लाल पाणी मायकेल फॅरेडेने १८५७ साली अभ्यासले होते. १९०८ साली गुस्ताव मी याने त्या रंगाचे गणित मांडले. प्रकाश पडताच कणातले इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावतात, कणाभोवतीचे विद्युतक्षेत्र तीव्र होते आणि प्रकाश आडवातिडवा विखुरतो. १९९५ साली जर्मनीत स्टेंझेल आणि सहकाऱ्यांनी तांग यांच्याच घटातल्या एका रंगद्रव्यात, कॉपर थॅलोसायनिनमध्ये, धातूचे कण घालून फायदा दाखवला.

मग आला क्वेबेक. लाव्हाल विद्यापीठात मारिओ लक्लेर यांच्या गटाने २००७ साली पीसीडीटीबीटी नावाचे बहुवारिक तयार केले. २०११ साली नोबेल विजेते ॲलन हीगर यांच्या गटाने त्याच बहुवारिकाच्या घटात सुमारे ७० नॅनोमीटरचे सोन्याचे कण मिसळले. कार्यक्षमता ५.७७ वरून ६.४५ टक्क्यांवर गेली.

पण वाद उरलाच. ही वाढ प्रकाश अडल्यामुळे, की थराची वीजवाहकता बदलल्यामुळे? शिवाय उघडा धातू जवळची ऊर्जा स्वतःच गिळतो. त्याला सिलिकाचे पातळ कवच चढवावे लागते. तेवढ्यात चीनमधून नवे रेणू आले. २०१९ च्या 'वाय-६' ने १५ टक्क्यांचा टप्पा ओलांडला, आणि आज प्रयोगशाळेतले छोटे घट २० टक्क्यांच्या घरात आहेत. ही झेप मुख्यतः रेणूंची. सोन्याच्या कणांची नव्हे.

मी मुलीला एवढेच म्हटले, "बाई गं, तांगांचा १ टक्काही कुणाचे घर उजळण्याजोगा नव्हता. कण कुठे प्रकाश देतो आणि कुठे गिळतो, हे तू मोजलेस ना? मग न हललेल्या आकड्यांचेही एक प्रकरण प्रबंधात घाल. पुढच्याची दोन वर्षे वाचतील."

तिने ते प्रकरण लिहायला घेतले आहे.