कार्ना गावच्या मॉयराबाई

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यात, कॉनेमारा नावाचा एक प्रदेश आहे. अटलांटिक महासागराने तेथील भूमीत ठिकठिकाणी शिरून तिचे जणू लचके तोडले आहेत. खडक उदंड आणि माती बेताची, असा तो मुलूख. दगडी गडग्यांनी वेढलेली टीचभर शेते, बटाट्याचे पीक, समुद्रातील मासळी आणि जळणासाठी कापून वाळविलेली दलदलीची माती, एवढ्या भांडवलावर तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पडलेल्या भीषण दुष्काळानंतर तेथून माणसांचा जो ओघ परदेशी लागला, तो पुढे शंभर वर्षे थांबला नाही. मात्र या आडबाजूच्या मुलखाने एक ठेव जतन केली. उरलेल्या आयर्लंडने बहुतांशी इंग्रजी आपलीशी केली, तरी कॉनेमाराच्या चुलीपाशी आयरिश भाषाच बोलली जात राहिली.

याच प्रदेशातील कार्ना गावी ५ सप्टेंबर १९५० रोजी मॉयरा गेगन हिचा जन्म झाला. पुढे मॉयरा गेगन-क्विन या नावाने प्रसिद्ध झालेल्या या बाईंची हकीकत, श्रोतेहो, आज आपणांस सांगावयाची आहे. ती सांगताना एक जुनाच प्रश्न माझ्या मनात आहे. लोकांनी एखाद्यास निवडून दिले, तर त्याने लोकांच्या मनातले तेवढेच बोलावे, की प्रसंगी त्यांच्या पुढे एक पाऊल टाकावे? डब्लिनमध्ये जन्मलेल्या एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांसमोर याच प्रश्नाचा ऊहापोह केला होता. प्रतिनिधीने स्वतःच्या विवेकाचा बळी देऊ नये, असा त्याचा कौल होता. १७८० साली त्याला ती जागा गमवावी लागली, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.

मॉयराबाईंचे वडील १९५४ पासून पश्चिम गॉलवे मतदारसंघातून आयर्लंडच्या लोकसभेत, म्हणजे डॉइलमध्ये, फियाना फॉइल पक्षाचे सभासद होते. मुलगी शिकून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. १९७५ च्या प्रारंभी वडील निवर्तले आणि मार्चमधील पोटनिवडणुकीत पक्षाने मुलीस उभे केले. ती निवडून आली, तेव्हा तिचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्या देशात तोवर निवडून आलेल्या पुष्कळ स्त्रिया कोणा दिवंगत सभासदाच्या विधवा, कन्या अथवा भगिनी होत्या. पुरुषाची रिकामी झालेली जागा राखण्याकरिता घरातील स्त्रीस पुढे करावयाचे, अशी ती रीतच होती. आपल्याकडील निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगावयास नको.

स्त्रीविषयी त्या समाजाची दृष्टी कशी होती, हे दोन गोष्टींवरून कळेल. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेतून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच घटनेच्या एका कलमात, स्त्री आपल्या घरातील जीवनाने राष्ट्रास आधार देते, असा गौरव आहे, आणि आर्थिक गरजेपोटी मातांना घराबाहेर राबावे लागू नये, अशी इच्छाही आहे. शब्द आदराचे, परंतु त्यांनी आखलेली लक्ष्मणरेषा उंबरठ्यापाशीच होती. मार्च २०२४ मध्ये हे कलम बदलण्यास मतदारांनी नकार दिला, त्यामुळे ते अद्याप घटनेत आहे. दुसरी गोष्ट मजसारख्या सरकारी नोकरास अधिक बोचणारी. लग्न होताच स्त्री कर्मचाऱ्याने राजीनामा द्यावयाचा, हा तेथील सरकारी नोकरीतील नियम १९७३ पर्यंत चालू होता. आपणही फार मोठ्या तोऱ्याने बोलू नये. आपल्या परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्यास लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले, ते १९७९ साली.

योगायोग असा की, त्याच वर्षाच्या डिसेंबरात चार्ल्स हॉही पंतप्रधान झाले आणि त्यांनी मॉयराबाईंकडे गेल्टाख्त खाते सोपविले. गेल्टाख्त म्हणजे आयरिश भाषा बोलणारे प्रदेश. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, १९१९ साली, कॉन्स्टन्स मार्कीविच या क्रांतिकारक स्त्रीकडे मजूर खाते होते. त्यानंतर सुमारे सहा दशके आयर्लंडच्या मंत्रिमंडळात एकही स्त्री बसली नव्हती. ती परंपरा कार्नाच्या एकोणतीस वर्षांच्या शिक्षिकेने मोडली. १९७७ च्या निवडणुकीत डॉइलच्या १४८ सभासदांपैकी स्त्रिया होत्या फक्त ६, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

खाते लहान होते, पण बाईंच्या घरचे होते. तेथील तरुणांनी १९६९ पासून आपल्या हक्कांसाठी चळवळ मांडली होती. १९७० साली त्यांनी विनापरवाना नभोवाणी केंद्र चालवून सरकारचे डोळे उघडले आणि १९७२ साली आयरिश भाषेचे अधिकृत नभोवाणी केंद्र सुरू झाले. भाषा जगवावयाची तर ती बोलणाऱ्यांना गावातच पोट भरता आले पाहिजे, हे या चळवळीचे सार. गेल्टाख्तच्या विकासासाठी, काही सभासद लोकांनी निवडलेले असे, नवे मंडळ १ जानेवारी १९८० रोजी अस्तित्वात आले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्री मॉयराबाईच होत्या.

यापुढची कारकीर्द चढउतारांची आहे. सरकारे आली, गेली. बाई कधी राज्यमंत्री झाल्या, कधी विरोधी बाकांवर बसल्या. ज्या हॉहींनी त्यांना वर आणले, त्यांच्या नेतृत्वाविरुद्ध नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांनी राज्यमंत्रिपद सोडले. पुढे आल्बर्ट रेनल्ड्स पंतप्रधान झाले आणि जानेवारी १९९३ मध्ये मॉयराबाई न्यायमंत्री झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि आरंभी विचारलेला प्रश्न येथेच त्यांच्या टेबलावर येऊन पडला.

पुरुषांतील समलिंगी संबंध हा आयर्लंडमध्ये १८६१ आणि १८८५ सालच्या ब्रिटिश कायद्यांनुसार गुन्हा होता. आपल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम १८६० सालचे. म्हणजे एकाच राजवटीची ही भावंडे. डेव्हिड नॉरिस या प्राध्यापकाने या कायद्यास आव्हान दिले. १९८३ साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी तो हरला. तेव्हा त्याने स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावले आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये आठ विरुद्ध सहा मतांनी तो जिंकला. निकाल लागला, पण कायदा हलला नाही. जवळपास पाच वर्षे एकामागून एक सरकारांनी तो विषय पुढे ढकलला. कागद न फेटाळता नुसता पडू देणे ही राज्यकारभारातील किती सोयीची कला आहे, हे कोणत्याही कचेरीत उमेदवारी केलेल्या मनुष्यास ठाऊक असते.

न्यायमंत्र्यांना एक मधली वाटही मोकळी होती. शेजारच्या इंग्लंडात १९६७ साली असे संबंध गुन्ह्यातून वगळले होते, परंतु त्यासाठी वयाची मर्यादा एकवीस वर्षांची, इतरांहून अधिक, ठेवली होती. तेवढेच अनुकरण केले असते, तर स्ट्रासबुर्गचे समाधान झाले असते आणि घरचा रोषही सौम्य झाला असता. मॉयराबाईंनी ती वाट घेतली नाही. समलिंगी प्रवृत्तीच्या एका तरुणाची आई त्यांना भेटावयास आली होती, आणि त्या भेटीचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांच्या विधेयकाने सर्वांस एकच वयोमर्यादा, सतरा वर्षांची, लावली. जून १९९३ मध्ये डॉइलने ते मतदानाशिवाय संमत केले आणि जुलैत राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांनी त्यावर सही केली. या रॉबिन्सनबाई पूर्वी नॉरिसच्या वकील होत्या. ब्रिटनला अशीच समान मर्यादा लावण्यास पुढे २००१ साल उजाडले. आपल्याकडे हेच काम ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी केले, विधिमंडळाने नव्हे.

आता विचार करा. मतदारसंघ ग्रामीण व कॅथलिक, पक्ष परंपरानिष्ठ. या कायद्याने बाईंच्या पदरात एकही मत वाढण्याचा संभव नव्हता. ज्या जागेवर त्या बसल्या होत्या, ती त्यांना वडिलांच्या पुण्याईने मिळाली, असे म्हणणाऱ्यास उत्तर देता आले नसते. परंतु त्या जागेवरून टाकलेले हे पाऊल त्यांचे स्वतःचे होते. त्यांच्या मतदारांनीही बर्कच्या मतदारांप्रमाणे त्यांना दूर लोटले नाही. १९९७ पर्यंत पश्चिम गॉलवेच्या प्रतिनिधी त्याच राहिल्या. पुढे २०१५ साली याच देशाने समलिंगी विवाहास सार्वमताने मान्यता दिली. लोकमताने असा निर्णय घेणारा तो जगातील पहिला देश ठरला. पुढे गेलेला प्रतिनिधी मागे वळून पाहतो, तो लोक त्याच्याही पुढे निघून गेलेले असतात, असे कधी कधी घडते.

त्यांच्या चरित्रास केवळ उजळ बाजूच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९४ च्या अखेरीस पक्षाच्या नेतृत्वासाठी त्या उभ्या राहिल्या, पण मतमोजणीची वेळ येण्यापूर्वीच त्यांनी माघार घेतली. वृत्तपत्रांनी त्यांच्या कुटुंबातील खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणली, तेव्हा १९९७ साली त्यांनी निवडणुकीचे राजकारण सोडले. २००० ते २०१० या काळात त्या युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाच्या सभासद होत्या आणि २०१० ते २०१४ संशोधन व विज्ञान या विषयांच्या युरोपीय आयुक्त. मायदेश आर्थिक संकटात असता त्या वेतनाबरोबर जुन्या पदांचे निवृत्तिवेतनही घेत होत्या, याबद्दल टीका झाली, आणि अखेर आयुक्तपदी असेपर्यंत ते सोडण्याचे त्यांना जाहीर करावे लागले. मुलींना विज्ञानाकडे वळविण्यासाठी २०१२ साली त्यांच्या खात्याने काढलेली चित्रफीत इतकी उथळ निघाली की, ती मागे घ्यावी लागली. तथापि, सात वर्षांत सुमारे ८० अब्ज युरो संशोधनावर खर्च करण्याची युरोपची मोठी योजना त्यांच्याच कारकिर्दीत आकारास येऊन २०१४ साली सुरू झाली, हेही नमूद केले पाहिजे.

वारशाने जागा मिळणे हा गुण नव्हे, तसाच तो गुन्हाही नव्हे. त्या जागेवर बसून मनुष्य नुसती जागा राखतो, की तिचे काही चीज करतो, एवढेच इतिहास पाहतो. पाच वर्षे इतरांनी जो कागद बाजूस सारला, तो हाती घेण्यास कार्नाच्या मॉयराबाईंना सहा महिने पुरले. लोकप्रतिनिधींनी आणि आम्हा कचेरीतील माणसांनीही, पुढ्यातला एखादा अवघड कागद खाली सरकवताना, या सहा महिन्यांची आठवण ठेवावी.