डायल-अप मोडेम : जोडणी, मांडणी आणि बिघाडांचे मूळ

दूरध्वनीच्या तारेवरून घरातील संगणक महाजालाशी जोडणारा डायल-अप मोडेम आता जवळपास इतिहासजमा झाला आहे. अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरचे सुमारे दशकभर मराठी घरांतील संगणकाची मदार प्रामुख्याने याच छोट्या यंत्रावर होती. ते यंत्र कसे चालत असे, का अडत असे आणि बिघाड कसा शोधला जाई, याची ही माहिती.

तारेची मर्यादा

संगणकाची अंकीय माहिती ध्वनिरूपात बदलून तारेवर सोडणे आणि येणाऱ्या ध्वनीतून पुन्हा माहिती वेगळी करणे, हे मोडेमचे काम. दूरध्वनीची तार मुळात मानवी आवाजासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी आखलेली होती. खोक्यावर ५६ केबीपीएस असे छापलेले असले, तरी हा वेग केवळ कमाल मर्यादा होता. सेवादात्याचे केंद्र अंकीय मार्गाने जोडलेले असेल आणि वाटेत ध्वनीचे अंकीय रूपांतर एकदाच होत असेल, तरच त्याच्या जवळपास जाता येई. अन्यथा वेग ३३.६ केबीपीएस किंवा त्याहून खाली घसरे. ४० केबीपीएस वेग मिळाला, तरी एक मेगाबाइटची फाइल उतरवायला सुमारे साडेतीन मिनिटे लागत.

त्यामुळे पुणे शहरात व्यवस्थित चालणारा संगणक शिरूर तालुक्यातील न्हावऱ्यासारख्या गावी नेल्यावर रखडला, तर दोष संगणकाचा असेलच असे नसे. एक्स्चेंजपासूनचे अंतर, खांबांवरून आलेली तार, पावसाने गंजलेले सांधे यांवर वेग ठरे.

तपासणीचा क्रम

अनुभवी तंत्रज्ञ तपासणी भिंतीपासून सुरू करीत. प्रथम मोडेम बाजूला काढून साधा फोन थेट रोझेटला, म्हणजे भिंतीवरील पेटीला, जोडला जाई. एक आकडा फिरवला की डायल टोन थांबतो. त्या शांततेत खरखर ऐकू आली, तर तक्रार लाइनमनकडे करायची, संगणक उघडायचा नाही. त्यानंतर मोडेमवरील 'लाइन' आणि 'फोन' या खाचांची अदलाबदल झाली आहे का, ते पाहिले जाई. त्याच तारेवर दुसऱ्या खोलीत फोन असेल, तर तो उचलताच जोडणी तुटे.

तार निर्दोष असेल, तर पुढची पायरी मोडेमची. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलमधील 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स' येथे 'क्वेरी मोडेम' हे बटण होते. ते दाबल्यावर यंत्राने उत्तर दिले, तर संगणक आणि मोडेम यांच्यातील संवाद ठीक आहे, असे समजावे. उत्तर न आल्यास चालक प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, नव्याने बसवावा लागे.

मांडणीतील बारकावे

परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही मोडेमना भारतीय एक्स्चेंजचा डायल टोन ओळखता येत नसे. फोनवर टोन स्पष्ट ऐकू येई, पण पडद्यावर 'टोन नाही' असा संदेश उमटे. अशा वेळी टोनची वाट पाहण्याचा पर्याय बंद करणे किंवा जादा आज्ञांच्या रकान्यात 'एक्स३' लिहिणे, हा उपाय होता. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर 'टोन'ऐवजी 'पल्स' पद्धत निवडावी लागे.

दुसरी अडचण एसटीडी कोडची. शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, पण शिरूरचा कोड ०२१३८, तर दौंडचा ०२११७. दौंडच्या घरातील संगणक शिरूरला आणल्यावर जुनाच कोड राहिला, तर 'डायलिंग रूल्स' क्रमांकाआधी नको ते आकडे लावू शकत. सेवादात्यांचे १७२ ने सुरू होणारे क्रमांक कोडविना लावायचे असल्याने हा पर्याय बंद ठेवणे श्रेयस्कर ठरे.

त्रुटी क्रमांकांचा अर्थ

६८० : डायल टोन मिळाला नाही, तार किंवा टोन ओळखण्याची मांडणी तपासावी.
६७६ : समोरची लाइन व्यग्र, थोड्या वेळाने प्रयत्न करावा.
६७८ : समोरून प्रतिसाद नाही; क्रमांक तपासावा.
६९१ : वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड अमान्य.
६९२ : मोडेममध्येच बिघाड, बंद करून पुन्हा सुरू करावा.
६३३ : मोडेम अन्य प्रोग्रॅमच्या ताब्यात किंवा त्याची मांडणी अपूर्ण.

या क्रमांकांचा संबंध थेट बिलाशी होता. लाइन व्यग्र असेल तर आकारणी होत नसे. ६९१ मध्ये मात्र समोरच्या केंद्राने फोन उचललेला असे, म्हणजे कॉल मोजला गेलेला असे. चुकीच्या पासवर्डसह आपोआप पुन्हा फोन लावण्याचा पर्याय सुरू राहिला, तर एकही पान न उघडता बिल वाढत जाई. त्याहून मोठा धोका 'डायलर' नावाच्या घातक प्रोग्रॅमचा. तो गुपचूप परदेशातील महागडा क्रमांक लावी. आयएसडी सुविधा बंद ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होता.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागे. वीज कडाडू लागताच केवळ विजेचे बटण बंद करून भागत नसे. टेलिफोनची तारही मोडेममधून काढावी लागे. उघड्या माळावरून आलेल्या तारेतून शिरलेला विद्युतदाब मोडेम आणि प्रसंगी मदरबोर्डही जाळून टाकी.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला आणि २००५ पासून बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा त्याच तांब्याच्या तारेवरून घरोघरी जाऊ लागली. इंटरनेट सुरू असताना फोन अडून राहण्याची अडचण दूर झाली, पण गंजलेला सांधा नव्या सेवेलाही जाचू लागला. आज फायबरची जोडणी अडली, तरी आधी तार, मग यंत्र आणि शेवटी मांडणी, हा तपासणीचा क्रम तसाच उपयोगी पडतो.