टॅब की स्पेस? कोडच्या मांडणीवरील वादाचा इतिहास

१/ ओळीच्या आरंभी किती मोकळी जागा (इंडेंट) सोडली आहे, याची सी भाषेचा कंपायलर दखल घेत नाही. तरीही त्या जागेवरून प्रोग्रॅमरांच्या पिढ्या भांडल्या. वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या या वादाचा हा इतिहास.

२/ प्रारंभी निवडीला वावच नव्हता. आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावर ८० स्तंभ होते. १९५७ च्या फोरट्रानमध्ये विधान ७ ते ७२ या स्तंभांतच लिहावे लागे. मांडणी यंत्राची, वाद घालणार कोणाशी?

३/ अल्गोल ६० ने ही बेडी तोडली. सी भाषेनेही तीच मुभा दिली. कर्निहॅन आणि रिची यांनी १९७८ च्या ग्रंथात महिरपी कंसांविषयी सबुरीचा सल्ला दिला : एक पद्धत निवडा आणि ती सातत्याने पाळा. प्रत्येकाने निवडली, पण प्रत्येकाची निराळी.

४/ एकट्याने लिहिताना हे खपून जाते. अनेकांच्या प्रकल्पात मात्र कोणी सबंध फाइलची मांडणी बदलली, की दोन ओळींचा खरा बदल शेकडो ओळींच्या गर्दीत हरवतो आणि तपासणाऱ्याची नजर चुकते.

५/ ग्नू प्रकल्पाने दोन स्पेसचा इंडेंट स्वीकारला. लिनक्ससाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी आठ अक्षरांएवढा टॅब. ग्नूचे नियम छापून, न वाचता जाळावेत, अशी थट्टाही त्यांनी नियमपत्रिकेत केली. थट्टेमागे तत्त्व होते : इंडेंट रुंद असला, की गुंतागुंत वाढल्याचे डोळ्यांना लगेच कळते.

६/ पायथनने इंडेंटलाच व्याकरणात स्थान दिले. तरी टॅब की स्पेस, हा प्रश्न उरलाच. २००१ च्या पेप ८ ने चार स्पेस आणि ७९ अक्षरांची ओळ सुचवली. पंचकार्डे लुप्त झाली होती. त्यांची रुंदी टिकून होती.

७/ फेब्रुवारी २०१४. ॲपलच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. इंडेंटमुळे दुसरी ओळही अटीच्या आतली भासे; कंस नसल्याने ती प्रत्येक वेळी चाले आणि स्वाक्षरीची पडताळणी टळे. आयफोन व मॅकचे सुरक्षित संपर्क त्यामुळे धोक्यात आले. मनुष्य आकार वाचतो, कंपायलर चिन्हे.

८/ २००९ मध्ये जाहीर झालेल्या गूगलच्या गो भाषेने ‘गोफम्ट’ हे साधन दिले : मांडणी एकच, पर्याय नाहीत. ती शैली कोणाचीच आवडती नाही, पण साधन सर्वांचे आवडते, असे रॉब पाइक यांचे मार्मिक निरीक्षण आहे. पुढे जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर आणि पायथनसाठी ब्लॅक त्याच वाटेने गेले.

९/ या वादात कोणतीही शैली जिंकली नाही; निर्णयच माणसांच्या हातून काढून घेतला गेला. मांडणी पुन्हा यंत्राकडे गेली, पण या वेळी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. अशा साधनाने ‘गोटू फेल’ची ती दुसरी ओळ अटीबाहेर, डावीकडे आणून ठेवली असती. चूक सुधारली नसती. दिसली मात्र असती.