वारीला राजाश्रय किती, लोकाश्रय किती

शताब्दी समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, "बुवा, दिंडीनं सरकारचे पैसे घ्यावेत का न घ्यावेत, यावर पारावर रोज वाद चाललाय. मागं काय काय झालं ते एकदा लिहून द्या." आमचं शिक्षण चौथीपर्यंत. बाकीची शाळा शेतात आणि फडावर झाली. जे थोरामोठ्यांकडून ऐकलं आणि गाथेच्या प्रस्तावनेत वाचलं, ते आपल्यापुढं ठेवतो.

पहिला पूर्वपक्ष असा येतो की, वारकऱ्याला राजाचं काय काम? तुकोबारायांना छत्रपती शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला, ही गोष्ट आपल्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. मग आपण सरकारी मदतीचं नावच कशाला काढावं, असं कोणी म्हणालं तर त्याचं खोटं नाही. पण तेवढ्यावर इतिहास थांबत नाही. पुढं बघा.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकत्र घालून ते पंढरीला नेत. पुढं छत्रपती शाहू महाराजांच्या काळात देहूच्या देवस्थानाला गावं इनाम मिळाली. इनामानं पूजाअर्चा, नैवेद्य, अन्नदान यांची सोय झाली. पण इनाम म्हटलं की वाटा आला, वाटा आला की भाऊबंदकी आली. हक्कावरून घराण्यात वाद झाले, असं जुनी माणसं सांगत. त्याच्या पुढच्या काळात, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींची पालखी आळंदीहून वेगळी सुरू केली.

हैबतबाबा मूळचे सातारा भागातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी त्यांनी चाकरी केलेली. आज माऊलींच्या सोहळ्यात दिंड्यांचे क्रम, चोपदाराचा इशारा, तळाची शिस्त दिसते, तिला लष्करी वळण आहे ते त्यांच्यामुळंच. त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. अंकली बेळगाव भागात. अजूनही दरसाल तिथून अश्व चालत आळंदीला येतात आणि रिंगणात आपण त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावतो. हाही एका अर्थी राजाश्रयच झाला. पण शितोळ्यांनी घोडा दिला म्हणून वारीत काय म्हणायचं आणि काय नाही, हे त्यांनी कधी ठरवलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. तुकोबांनी स्वराज्याच्या राजाचं धन घेतलं नाही, आणि त्यांची गाथा छापायला पैसे दिले ते इंग्रज सरकारनं! त्याआधी गाथा म्हणजे हातानं लिहिलेल्या वह्या. ज्याच्या घरी वही त्याच्या घरी पाठ. कुठं अभंग कमी, कुठं जास्त, कुठं शब्दच वेगळा. गरीब वारकऱ्यानं वही बघायची कुठं? तेव्हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख अलेक्झांडर ग्रँट नावाचे साहेब होते. त्यांना तुकोबांची गोडी लागली होती. १८६७ साली त्यांनी विलायतेच्या मासिकात तुकोबांवर लेखही लिहिला. मुंबई सरकारनं गाथा छापायला २४,००० रुपये मंजूर केले. त्या वेळचे चोवीस हजार म्हणजे केवढी रक्कम, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हे काम विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघांनी केलं. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या जुन्या वह्या मिळवून, शब्द शब्द ताडून त्यांनी पाठ ठरवला. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ साली पहिला भाग आणि १८७३ साली दुसरा भाग निघाला. विष्णुशास्त्री म्हणजे विधवाविवाहाच्या बाजूनं उभे राहिलेले सुधारक. म्हणजे पैसा इंग्रजाचा, काम सुधारकाचं, वह्या वारकऱ्यांच्या आणि वाणी तुकोबांची. चारी वाटा एका ठिकाणी आल्या.

पुढं विष्णुबुवा जोग महाराजांनी १९०९ साली सार्थ गाथा काढली, तेव्हा कुठं आमच्यासारख्या अडाण्याला अर्थाचं दार उघडलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर, तुकोबांच्या वैकुंठगमनाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९५० साली मुंबई सरकारनं गाथा पुन्हा छापली. तिला पु. मं. लाड यांची प्रस्तावना आहे. हीच आपण 'सरकारी गाथा' म्हणतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच साली साहित्य संस्कृती मंडळ निघालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० साली नामदेवरायांची गाथाही शासनानं काढली.

आपल्या दिंडीच्या पेटीत सरकारी गाथेची एक प्रत आहे. पुठ्ठा तीनदा बदललाय, कडा उंदरानं कुरतडल्यात. आम्ही चाल फडावर शिकलो, पण पाठांतर त्या प्रतीवरून केलं. ती कोणत्या सरकारनं छापली, कोण मंत्री होता, हे गाताना कुणाला आठवतं? हीच चांगल्या मदतीची खूण आहे. इनाम एका घराचं झालं आणि त्यात वाटे पडले. गाथा सगळ्यांची झाली, ती जितकी वाटली तितकी वाढली.

आता कलावंतांचं. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन द्यायची योजना आपल्या राज्यात १९५४-५५ पासून आहे. कीर्तनकार, भजनी, शाहीर, तमासगीर, वासुदेव, गोंधळी सगळे त्यात बसतात. आधी तीन वर्ग होते आणि वर्गाप्रमाणं रक्कम कमीजास्त. २०२४ पासून राजर्षी शाहू महाराजांचं नाव देऊन सरसकट महिना ५,००० रुपये केले. ज्याच्या हातापायातलं बळ गेलं त्याला पाच हजार म्हणजे औषधपाणी निघतं. योजना चांगलीच आहे.

पण अडचण कुठं येते ते सांगतो. आपल्या दिंडीत एक जुने मृदंगवाले होते. चाळीस वर्षं त्यांनी साथ केली. गळ्यात मृदंग अडकवून आळंदीपासून पंढरीपर्यंत उभ्यानं वाजवायचा, आणि घरी आल्यावर दुसऱ्याच्या रानात रोजगार करायचा. त्यांचा अर्ज दोनदा परत आला. का, तर कार्यक्रमाचे पुरावे जोडले नाहीत. उत्पन्नाचा दाखला होता, वयाचा होता, पण कलेचा नव्हता. कात्रण नाही, मानपत्र नाही, पावती नाही. आता वारकऱ्याची रीत काय? कीर्तनाचा पैसा घेऊ नये. ज्यानं पैसाच घेतला नाही त्याची पावती कुठून यायची? ज्यानं नेम पाळला तोच कागदावर कलावंत ठरेना. तिसरा अर्ज करायच्या आत ते गेले. मृदंग आता त्यांचा नातू वाजवतो. आम्हाला कुणा साहेबाला दोष द्यायचा नाही, साहेब कागदावर चालतो. पण हे शल्य आहे.

आता पारावरचा खरा वाद. २०२४ च्या आषाढीला सरकारनं १,५०० दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर केले. कुणी म्हणालं घ्या, आपलाच कराचा पैसा आहे. कुणी म्हणालं नको, पैशापेक्षा रस्त्यावर सोयी करा. हिशेब करून बघू. आपली दिंडी दोनशे माणसांची. वीस हजार दोनशे जणांत वाटले तर माणशी शंभर रुपये. वाटेचे अठरा दिवस धरले तर दिवसाला साडेपाच रुपये. एका कप चहालाही ते पुरत नाहीत. मग शंभर वर्षं ही दिंडी चालली कशावर? दर घरची पायलीभर ज्वारी, भिशी, मुक्कामाच्या गावची पंगत आणि ज्याच्याकडं ट्रॅक्टर त्याचा ट्रॅक्टर, यावर. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी नव्हती, तरी खडी फोडणाऱ्या माणसांनी मजुरीतून वर्गणी दिली आणि वीणा खाली ठेवू दिली नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथलीही पोरं माधुकरी मागून शिकली. हा लोकाश्रय.

म्हणून आमचं मत असं. वीस हजार घेतले म्हणून धर्म बुडत नाही आणि नाही घेतले म्हणून दिंडी बुडत नाही. मदत घेताना तीन गोष्टी बघाव्यात. ती सगळ्यांची होते की एकाच्या घरात जाते? ती घेतल्यावर आपला नेम मोडतो का? आणि ती उद्या बंद पडली तर आपण उभे राहतो का? घोडा आणि गाथा या तिन्ही कसोट्यांना उतरतात. पैसे घेतले तर ते पाण्याच्या टँकरला किंवा औषधाच्या पेटीला लावावेत, आणि खर्च एकादशीच्या भजनाआधी सगळ्यांपुढं वाचून दाखवावा. घरच्या ज्वारीची पायली मात्र एकाही घरानं बंद करू नये. ती बंद झाली की दिंडी आपली राहणार नाही.

आणि सरकारकडं मागायचंच असेल तर आम्ही मागू की, जुन्या फडांच्या चाली आणि मृदंगाचे बोल म्हातारी माणसं हयात आहेत तोवर नोंदवून ठेवा. १८७३ साली शब्द वाचले, चाली अजून तोंडीच आहेत.

एक काम मात्र आपल्या हातातलं आहे. या शताब्दीपासून दिंडीनं एक वही घालावी. कुणी कुठं कीर्तन केलं, साथीला कोण होतं, तारीख कोणती, हे लिहून त्या गावच्या सरपंचाची सही-शिक्का घ्यावा. पैसा घेऊ नये, पण सही घ्यावी. पुढच्या मृदंगवाल्याचा अर्ज परत येऊ नये, एवढीच पांडुरंगाच्या चरणी विनंती करून लेखणी ठेवतो. रामकृष्ण हरी.